सेरेब्रल पाल्सीच्या मुलाची भूल: खुब्याच्या शस्त्रक्रियेआधीच्या महिन्यापासून तिसऱ्या रात्रीपर्यंत

सेरेब्रल पाल्सीच्या मुलाला भूल देताना श्वासनळीत नळी घालणं, गॅस देणं हा भाग बहुतेक वेळा सुरळीत पार पडतो. घोळ होतो तो त्याच्या आधी आणि नंतर. ‘आज उपाशी ठेवायचंय’ म्हणून ताठ स्नायू सैल ठेवणारी सकाळची बॅक्लोफेनची गोळी चुकते. छातीतली नेहमीची घुरघुर कुठली आणि नवा कफ कुठला, हे कुणी आईला विचारत नाही. टेबलावर मूल गार पडतं. आणि रात्री प्लॅस्टरमध्ये ते कण्हत असताना ‘ही मुलं रडतातच’ असं म्हणून सोडून दिलं जातं. या चारही गोष्टी टाळता येतात. त्या कशा टाळायच्या, ते इथे जिल्ह्याच्या रुग्णालयात किंवा छोट्या ऑर्थोपेडिक हॉस्पिटलात काम करणारे भूलतज्ज्ञ, निवासी डॉक्टर आणि वॉर्डातल्या सिस्टर यांच्यासाठी लिहिलं आहे. पालकांनी वाचलं तर डॉक्टरांना काय विचारायचं ते त्यांना कळेल.

सेरेब्रल पाल्सी (सीपी) म्हणजे कोवळ्या वयात मेंदूला झालेली इजा. ती वाढत नाही, पण तिच्यामुळे ताठ झालेले स्नायू वाढत्या हाडांना वर्षानुवर्षं ओढत राहतात. त्यातून टाचा उचललेल्या राहतात, पाय कात्रीसारखे एकमेकांवर येतात, खुबा हळूहळू खोबणीतून सरकतो, पाठ वाकडी होते. म्हणून टाचेची शीर लांबवणं, मांडीच्या आतले आणि मागचे स्नायू सैल करणं, मांडीचं हाड वरच्या बाजूला कापून फिरवून प्लेट लावणं, ओटीपोटाच्या हाडाला छेद देऊन खोबण खोल करणं, अशा शस्त्रक्रिया होतात. पुष्कळदा एकाच बैठकीत अनेक जागी. हिशेब डोळ्यांसमोर राहावा म्हणून पुढे एकच उदाहरण धरू: वय ८ वर्षं, वजन १८ किलो, चालता न येणारं मूल, दोन्ही खुब्यांची हाडं कापून बसवायची, शेवटी छातीखालपासून पायांपर्यंत स्पायका प्लॅस्टर. या वयाचं निरोगी मूल साधारण २५ किलोचं असतं. ती ७ किलोंची तूट पुढे प्रत्येक पायरीवर आड येणार आहे.

आधी पातळी ठरवा, मग जागा ठरवा

रॉबर्ट पॅलिसानो आणि सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये मांडलेली जीएमएफसीएस नावाची, मूल कितपत हालचाल करू शकतं त्यावरून पाच पातळ्या ठरवणारी पद्धत इथे कामाची आहे. पातळी १ म्हणजे आधाराशिवाय चालणारं, धावणारं मूल. पातळी ५ म्हणजे मानही नीट न धरणारं, कायम उचलून न्यावं लागणारं. भुलीचा धोका या पातळीबरोबर चढत जातो, कारण गिळणं, खोकणं, वजन आणि फिट या सगळ्यांची अवस्था तिच्याबरोबर बिघडत जाते.

पातळी १-२ च्या मुलाची टाचेची शीर तालुक्याच्या ठिकाणीही सुरक्षितपणे लांबवता येते. पातळी ५ च्या मुलाचे दोन्ही खुबे एकाच दिवशी करायचे असतील, आणि रात्रभर एका सिस्टरचं लक्ष राहील अशी मुलांची अतिदक्षता खाट तिथे नसेल, तर ते मूल मोठ्या केंद्रात पाठवावं. सर्जन कितीही कुशल असला तरी या मतात बदल करायचं कारण दिसत नाही. धोका टाक्यांमध्ये नसतो, रात्री तीन वाजता अडकलेल्या कफात असतो.

एक सावधगिरी इथेच. चवड्यांवर चालणारा, पोटऱ्या फुगलेला, जमिनीवरून उठताना मांड्यांवर हात टेकणारा मुलगा ‘सीपी’ म्हणून टाच लांबवायला येतो, आणि असतो प्रत्यक्षात डुशेन स्नायुविकाराचा. त्याला सक्सामेथोनियम (स्नायू झटकन सैल करणारं औषध) किंवा भुलीचा गॅस दिला तर स्नायू फुटून रक्तातलं पोटॅशियम चढतं आणि हृदय थांबू शकतं. जन्माच्या वेळचा त्रास, कमी दिवस, जोराची कावीळ, मेंदूज्वर असा काहीच इतिहास नसेल आणि चालणं दिवसेंदिवस बिघडत असेल, तर आधी सीपीके (स्नायू फुटत असल्याचं दाखवणारी रक्ताची तपासणी) करा.

महिनाभर आधी काय विचारायचं

फायलीपेक्षा आईकडून जास्त कळतं, फक्त प्रश्न नेमके हवेत. ‘काही त्रास आहे का?’ असं विचारलं की उत्तर ‘नाही’ असं येतं, कारण आठ वर्षं चाललेली गोष्ट तिला त्रास वाटेनाशी झालेली असते. त्याऐवजी विचारा: ताई, भरवायला किती वेळ लागतो? पाणी पिताना ठसका लागतो का? जेवणानंतर वर येतं का, रात्री उशी ओली होते का? घोरताना मध्येच श्वास थांबतो का? गेल्या वर्षात छातीसाठी कितीदा ॲडमिट केलं? शेवटची फिट कधी आली, कशी दिसते आणि किती वेळ टिकते? दुखलं तर हा कसा दाखवतो?

भरवायला अर्ध्या तासाहून जास्त वेळ आणि पातळ पदार्थांना ठसका, या दोन उत्तरांवरूनच ओळखा की अन्न थोडं थोडं श्वासनळीत जात असावं. अशा छातीत कायम थोडी घुरघुर असते. ती पूर्ण साफ होईपर्यंत थांबायचं म्हटलं तर शस्त्रक्रिया कधीच होणार नाही. पण ताप, पिवळा कफ, वाढलेला श्वास किंवा साध्या हवेत ऑक्सिजन नेहमीपेक्षा खाली असेल तर २ ते ४ आठवडे पुढे ढकला आणि तेवढ्यात छातीचे व्यायाम सुरू करा. नेहमीचा ऑक्सिजन आकडा फाईलवर लिहून ठेवा. शस्त्रक्रियेनंतर तुलनेला तोच लागेल.

हिमोग्लोबिन, प्लेटलेट, सोडियम-पोटॅशियम, क्रिएटिनिन, रक्तगट एवढं सगळ्यांचं करा. छातीचा एक्स-रे लक्षणं असतील तर. पाठ खूप वाकडी असेल किंवा झोपेत श्वास अडकत असेल तर इको (हृदयाची सोनोग्राफी). हिमोग्लोबिन ८ एवढंच असेल तर लोह सुरू करून महिनाभर थांबणं हे रक्ताच्या पिशवीपेक्षा चांगलं. रोज किलोमागे ३ मि.ग्रॅ. मूळ लोह या हिशेबाने आपल्या मुलाला ५४ मि.ग्रॅ. लागतं. लोहाने शौच घट्ट होतं आणि ही मुलं आधीच बद्धकोष्ठाने बेजार असतात, म्हणून लॅक्टुलोज सोबत द्या.

दात बघा. फेनिटॉइनने फुगलेल्या हिरड्या, किडलेले आणि हलणारे दुधाचे दात नेहमीचेच. डोक्यात शंट (मेंदूतलं पाणी काढून देणारी नळी) असेल, लहानपणापासून बऱ्याच शस्त्रक्रिया झाल्या असतील, तर लॅटेक्सची ॲलर्जी विचारा. फुगा फुगवताना ओठ सुजले होते का, हा प्रश्न पुरतो.

आणि मुलाशी बोला. हातपाय सतत वेडेवाकडे हलणाऱ्या, बोलणं न कळणाऱ्या कितीतरी मुलांची बुद्धी शाबूत असते. त्यांच्यासमोर त्यांच्याबद्दल जे बोललं जातं ते त्यांना समजत असतं.

रोजची औषधं

इथली चूक सर्वांत महागात पडते, म्हणून थोडं सविस्तर.

फिटची औषधं शस्त्रक्रियेच्या सकाळीही ठरलेल्या वेळी, घोटभर पाण्यासोबत द्यायची. ‘निल बाय माउथ’ ही पाटी औषधांना लागू नाही, हे वॉर्डात तोंडी सांगून शिवाय लिहून द्या. पोटातून देणं लांबलं तर लेव्हेटिरासिटॅम, व्हॅलप्रोएट आणि फेनिटॉइन शिरेतून देता येतात. लेव्हेटिरासिटॅमचा डोस तोंडी आणि शिरेतून सारखाच असतो. कार्बामाझेपिनचं इंजेक्शन आपल्याकडे मिळत नाही, त्यामुळे ते नाकातल्या नळीतून लवकरात लवकर सुरू करावं लागतं.

व्हॅलप्रोएट घेणाऱ्या मुलांत प्लेटलेट कमी होतात आणि आहेत त्याही नीट काम करत नाहीत. हाड कापायच्या किंवा पाठीच्या शस्त्रक्रियेआधी प्लेटलेट आणि रक्त गोठण्याच्या तपासण्या हव्यातच. टोपिरामेटने रक्त थोडं आम्लधर्मी राहतं, शिवाय घाम कमी येतो, त्यामुळे अशा मुलाला गरम हवेच्या पांघरुणाखाली विसरू नका. फिटसाठी कीटोजेनिक आहार चालू असेल तर डेक्स्ट्रोजचं सलाईन लावू नका आणि दर तासाला साखर बघा. गोड औषधी सिरपसुद्धा त्या आहाराचा तोल बिघडवतं.

बॅक्लोफेन अचानक बंद पडलं तर १ ते ३ दिवसांत अंग आधीपेक्षा कडक होतं, खाज सुटते, ताप चढतो, फिट येतात, आणि पुढे गेलं तर स्नायू फुटतात. शस्त्रक्रियेनंतरचा असा ताप ‘इन्फेक्शन’ म्हणून अँटिबायोटिकने झाकला जातो. बॅक्लोफेनला शिरेतून द्यायचा पर्याय नाही, म्हणून मूल जागं झाल्यावर ओकत असेल तर नळीतून द्या. तेही जमत नसेल तर तोवर डायझेपॅम किंवा मिडाझोलॅमचा आधार ठेवा.

लाळेसाठी ग्लायकोपायरोलेट चालू असेल तर कफ कमी पण चिकट असतो. नळीतून ओढताना सलाईनचे थेंब टाकावे लागतात.

उपास

दूध, नाचणीची खीर, पेज, खिमट, बिस्किट हे सगळं ६ तास आधी बंद. ताक पातळ दिसलं तरी दूधच. तेही ६ तास. साखरपाणी, शहाळ्याचं पाणी, गाळलेला सफरचंदाचा रस २ तास आधीपर्यंत चालतो आणि द्यावाच, कारण ही बारीक मुलं उपाशी राहिली की साखर लवकर उतरते आणि शीर सापडत नाही. पातळ पदार्थाने ठसका लागत असेल तर ते घट्ट करून पाजायची आईची पद्धत असते; घट्ट केलेलं पाणी मात्र ६ तासांच्या गटात धरा. पोटात नळी असेल तर भूल देण्याआधी ती उघडून हवा आणि उरलेलं अन्न बाहेर येऊ द्या. यादीत या मुलाचा नंबर पहिला लावा.

भूल सुरू करताना

शीर शोधणं हे खरं कष्टाचं काम. दोन-तीन जागी बधिर करणारं मलम तासभर आधी लावून झाकून ठेवा, हात गरम कपड्यात गुंडाळा, अल्ट्रासाउंड असेल तर मनगटाच्या आणि घोट्याच्या शिरा बघा. मूल घाबरट असेल तर तोंडी मिडाझोलॅम किलोमागे ०.३ मि.ग्रॅ., म्हणजे इथे ५.४ मि.ग्रॅ., अर्धा तास आधी. मान ढिली असणाऱ्या किंवा झोपेत श्वास अडकणाऱ्या मुलाला ते टाळून आईलाच आत घ्या. तिच्या मांडीवर, तिच्या आवाजात झोप लागली तर औषध निम्मं लागतं.

वर येणारं जेवण, भरलेली लाळ यामुळे पुस्तकाप्रमाणे झटपट नळी घालायची पद्धत वापरायची की गॅसने झोपवायचं, यावर वाद आहे. साधा मार्ग असा: शीर आधीच मिळालेली आणि वर येण्याचा त्रास मोठा असेल तर शिरेतून, डोकं वर ठेवून, हलक्या हाताने मास्कवर वारा देत. शीर नसेल तर सेव्होफ्लुरेन या गॅसने, डोकं थोडं कुशीला, सक्शन उशीखाली चालू ठेवून. दहा वेळा सुया टोचून रडवलेलं मूल जास्त हवा आणि लाळ गिळतं, हे विसरायचं नाही.

औषध कमी लागतं. हॅलोथेन या भुलीच्या गॅसवर केलेल्या मोजणीत सेरेब्रल पाल्सीच्या मुलांची गरज निरोगी मुलांपेक्षा सुमारे २० ते ३० टक्के कमी निघाली, फिटची औषधं घेणाऱ्यांत सर्वांत कमी. शिरेतून झोपवणाऱ्या प्रोपोफॉलचंही तसंच. म्हणून ठरलेला आकडा एकदम न देता थोडं थोडं द्या आणि रक्तदाबाकडे बघा. मेंदूच्या लहरींवरून खोली दाखवणारा बीआयएस यंत्राचा आकडा या मुलांत जागेपणीही खाली असू शकतो. त्यावर विसंबू नका.

स्नायू सैल करणाऱ्या औषधांचं उलटं आहे. व्हेक्युरोनियम, रोक्युरोनियम यांना हे स्नायू कमी दाद देतात आणि परिणाम लवकर उतरतो, फेनिटॉइन किंवा कार्बामाझेपिन चालू असेल तर आणखी लवकर. नर्व्ह स्टिम्युलेटर (नसेला हलकी वीज देऊन स्नायूच्या उड्या दाखवणारं यंत्र) लावा, आणि एकच बाजू अधू असेल तर चांगल्या बाजूला लावा; अधू बाजूचा स्नायू औषध कमी घेतो, त्यामुळे तिथे उड्या जास्त दिसतात आणि आपण गरजेपेक्षा जास्त औषध देऊन बसतो. सक्सामेथोनियम फक्त सेरेब्रल पाल्सी आहे म्हणून वर्ज्य नाही, अशा मुलांत त्याने पोटॅशियम धोकादायक चढत नाही. निदानाचीच खात्री नसेल तर मात्र दूर राहा.

श्वासनळीतली नळी ‘कफ’ची, म्हणजे टोकाशी फुगा असलेली घ्या. वयावरून सूत्र लावलं तर ८ भागिले ४ अधिक ३.५, म्हणजे ५.५ नंबर येतो. पण हे मूल सहा वर्षांच्या मापाचं आहे. ५ नंबर हाताशी ठेवा. खोलीबाबतही वयाचं सूत्र फसवतं: १६ सें.मी. लिहून चिकटवलं की नळी उजव्या फुफ्फुसात. दोन्हीकडे ऐका, मान वाकवून पुन्हा ऐका. खुब्यासाठी दोन-तीनदा मूल उचललं-हलवलं जातं, स्पायकाच्या वेळी तर हवेत धरलं जातं, म्हणून चिकटपट्टी लाळेने सुटणार नाही अशी, वरच्या जबड्याला लावा.

अँटिबायोटिक छेद देण्याआधीच्या तासात: सेफाझोलिन किलोमागे ३० मि.ग्रॅ., ५४० मि.ग्रॅ. उलटीसाठी ऑन्डान्सेट्रॉन किलोमागे ०.१५ मि.ग्रॅ. मेटोक्लोप्रामाइड नको, त्याने अंग वाकडं होतं आणि ते मूळच्या आजाराचंच वाटतं.

कमरेतला कॅथेटर

खुब्याच्या मोठ्या शस्त्रक्रियेत एपिड्युरल (कमरेतून मणक्यांच्या आत बारीक नळी, म्हणजे कॅथेटर, ठेवून बधिर करणारं औषध देणं) हा या मुलांसाठी सर्वांत मोठा आधार आहे. हाड कापल्यावर दुखणं असतंच, पण खरा जीव जातो तो स्नायूंच्या पेटक्यांनी: पेटका येतो, कापलेलं हाड ओढलं जातं, त्या कळेने पुढचा पेटका येतो. मॉर्फिन हे चक्र तोडत नाही. एपिड्युरल तोडतं.

मूल झोपल्यावर कुशीवर घेऊन कमरेच्या तिसऱ्या-चौथ्या मणक्यांमधून घाला. त्वचेपासूनचं अंतर साधारण किलोमागे १ मि.मी., म्हणजे इथे जेमतेम १८ मि.मी.; मोठ्यांच्या सवयीने सुई ढकलू नका. हवेऐवजी सलाईनने जागा ओळखा. पाठ वाकडी असेल तर मणके फिरलेले असतात, मधली रेष हाताला लागते तिथे नसते. अल्ट्रासाउंडने आधी खूण करा. बॅक्लोफेनचा पंप बसवलेला असेल तर त्याची नळी कुठे आहे हे एक्स-रेवर पाहिल्याशिवाय सुईला हात लावू नका. आत ३ ते ४ सें.मी. कॅथेटर ठेवा. माकडहाडाजवळून घातलेला कॅथेटर लंगोटाशी येतो आणि घाण होतो, म्हणून दोन-तीन दिवस ठेवायचा तर कमरेतूनच.

चाचणी डोस: मि.ली.मागे ५ मायक्रोग्रॅम ॲड्रेनालिन असलेलं औषध किलोमागे ०.१ मि.ली., म्हणजे १.८ मि.ली. नाडी मिनिटाला १० ने वाढली किंवा ईसीजीतली टी-लहर उंचावली तर कॅथेटर शिरेत आहे. मग बधिर करणारं ०.२ टक्के रोपिव्हाकेन किलोमागे ०.५ मि.ली., म्हणजे ९ मि.ली., हळूहळू, ओढून बघत. कमाल मर्यादा किलोमागे ३ मि.ग्रॅ., इथे ५४. आपण १८ मि.ग्रॅ. दिले. त्याऐवजी बुपिव्हाकेन वापरलं तर मर्यादा किलोमागे २.५ मि.ग्रॅ., इथे ४५. सर्जन जखमेत बधिर करणारं औषध भरणार असेल तर तेही याच बेरजेत मोजायचं, हे त्याला आधीच सांगा. २० टक्के लिपिड इमल्शन (शिरेतून द्यायचं स्निग्ध द्रव) खोलीत असावं. बधिर करणाऱ्या औषधाची विषबाधा झाली तर त्याचा पहिला डोस किलोमागे १.५ मि.ली., म्हणजे २७ मि.ली. हा आकडा फळ्यावर लिहून ठेवावा.

सोबत क्लोनिडिन किलोमागे १ मायक्रोग्रॅम घातलं तर पेटके आणखी कमी होतात. एपिड्युरलमध्ये अफूवर्गी औषध पातळी ४-५ च्या मुलांत शक्यतो टाळा: खाज, लघवी अडकणं आणि मंद श्वास, तिन्ही या मुलाला सांगता येत नाहीत.

शस्त्रक्रियेनंतर ०.१ टक्के रोपिव्हाकेन ताशी किलोमागे ०.२ मि.ली.ने, म्हणजे ३.६ मि.ली.ने सुरू करा. ताशी किलोमागे ०.४ मि.ग्रॅ.च्या वर, म्हणजे इथे ७.२ मि.ग्रॅ.च्या वर, कधीच नाही. ओटीपोटाचं हाड कापलं असेल तर बधिरता बेंबीच्या खालपर्यंत पोचायला हवी. खालीच राहिली तर मांडी शांत आणि कंबर पेटलेली असं होतं. कॅथेटर पाठीवरून खांद्याकडे वर नेऊन चिकटवा, म्हणजे प्लॅस्टरच्या बाहेर राहतो. प्लॅस्टर लावणाऱ्याला आधी दाखवून ठेवा, कारण घाईत तो प्लॅस्टरखाली गाडला गेल्याची तक्रार सगळीकडे आहे.

फक्त पोटरी-टाचेचं काम असेल तर एवढं नको. गुडघ्यामागच्या नसेला अल्ट्रासाउंडने बधिर करा किंवा माकडहाडातून एकदाच इंजेक्शन द्या, पुष्कळ होतं.

ऊब आणि रक्त

अंगावर चरबी नाही, थरथरता येत नाही, मेंदूचं तापमानाचं केंद्र बेभरवशाचं, आणि खालचं अर्धं अंग उघडं करून ओल्या औषधाने पुसलेलं. मूल ऑपरेशन थिएटरात येण्याआधी अर्धा तास एसी २४ ते २६ अंशांवर आणा. सर्जन घामाघूम होतील; छेद घेऊन कपडे झाकले, गरम हवेचं पांघरूण चालू झालं की खाली आणता येईल. अन्ननलिकेत तापमानाचा प्रोब हवाच. ३६ च्या खाली गेलं की रक्त नीट गोठत नाही, औषध उतरत नाही, मूल तासभर जागं होत नाही. ओलं प्लॅस्टर वाळताना शेवटचा अर्धा अंश ओढून नेतं, त्यामुळे शेवटी ऊब काढू नका.

आखडलेले सांधे ताणून टेबलाला बसवायचे नाहीत; टेबल मुलाला बसवायचं. टाचा, माकडहाड, कोपर यांखाली जेल किंवा कापसाच्या घड्या. हाडं ठिसूळ असतात, रक्तदाबाचा पट्टा किंवा पाय धरणारा मदतनीसही ती मोडू शकतो.

रक्ताचा हिशेब सुरुवातीलाच मांडा. अंगातलं रक्त किलोमागे ७० मि.ली., म्हणजे १२६० मि.ली. हिमॅटोक्रिट (रक्तातल्या लाल पेशींचा टक्का) ३३ वरून २४ पर्यंत उतरू द्यायचा तर १२६० गुणिले ९ भागिले ३३, म्हणजे सुमारे ३४० मि.ली. एका मोठ्या माणसाच्या शस्त्रक्रियेत हे कुणाच्या लक्षातही येणार नाही. भिजलेले मॉप तोला. कोरडं वजन वजा करून १ ग्रॅमला १ मि.ली. धरा. १७० ला पोचलात की पिशवी मागवा. लाल पेशी किलोमागे १० मि.ली., म्हणजे १८० मि.ली., गरम करून. रक्तस्राव कमी करणारं ट्रॅनेक्सॅमिक ॲसिड किलोमागे १५ मि.ग्रॅ., २७० मि.ग्रॅ., छेदाआधी १५ मिनिटांत हळू. मोठ्या डोसने फिट येऊ शकतात, म्हणून फिट येणाऱ्या मुलात डोस वाढवत जाऊ नये. सलाईन म्हणून रिंगर लॅक्टेट, मूळ गरज ताशी ५६ मि.ली.

प्लॅस्टर होईपर्यंत नळी काढू नका

स्पायका लावताना पोटावर घडी केलेला टॉवेल ठेवायचा आणि प्लॅस्टर घट्ट झालं की ओढून काढायचा. तेवढी जागा जेवण आणि श्वासासाठी उरते. शेवटचा एक्स-रे झाल्यावरच भूल उतरवा, नाहीतर एक पाय पुन्हा बसवायला अर्धवट जाग्या मुलाला पुन्हा झोपवावं लागतं. नळी काढताना तापमान ३६ च्या वर, स्टिम्युलेटरवर चारही उड्या सारख्या, घसा साफ, मूल आपणहून डोळे उघडणारं. अर्धवट झोपेत नळी काढायची हौस या मुलांत करू नये. त्यांच्या घशाचे स्नायू झोपेत कोसळतात. लाळ बाहेर वाहावी म्हणून कुशीला, आणि लगेच आईला बोलवा. चष्मा, कानाचं यंत्र घाला. न दिसणारं-न ऐकू येणारं मूल परक्या खोलीत घाबरून ओरडतं आणि आपण त्याला झोपेचं इंजेक्शन देतो, असं होऊ नये.

पहिल्या तीन रात्री

न बोलणाऱ्या मुलाच्या वेदना मोजण्यासाठी सुधारित फ्लॅक ही पद्धत वापरा: चेहरा, पाय, हालचाल, रडणं, शांत होणं या पाच गोष्टींना प्रत्येकी ० ते २ गुण, एकूण १०. तिचं वैशिष्ट्य असं की मुलाच्या स्वतःच्या खुणा आई त्यात लिहिते. कुणी दुखलं की हसतो, कुणी श्वास धरतो, कुणी एकदम गप्प होऊन छताकडे बघतो. म्हणूनच आदल्या महिन्यात तो शेवटचा प्रश्न विचारायचा होता. पहिल्या दिवशी दर २ तासांनी, पुढे दर ४ तासांनी नोंद करा.

पॅरासिटामॉल किलोमागे १५ मि.ग्रॅ., २७० मि.ग्रॅ., दर ६ तासांनी घड्याळ लावून. दुखायची वाट बघत नाही. आयबुप्रोफेन किलोमागे ५ ते १० मि.ग्रॅ. दर ८ तासांनी, लघवी आणि प्लेटलेट ठीक असतील तर. पेटक्यांसाठी डायझेपॅम किलोमागे ०.०५ ते ०.१ मि.ग्रॅ. मॉर्फिन लागलंच तर किलोमागे ०.०५ मि.ग्रॅ.पासून, ऑक्सिजनचं यंत्र बोटाला लावून, आणि डायझेपॅमच्याच तासात नाही. ट्रॅमाडॉल फिट येणाऱ्यांत नको. अमेरिकेच्या एफडीएने २०१७ मध्ये १२ वर्षांखाली ते आणि कोडीन दोन्ही वर्ज्य ठरवली.

औषध देऊनही रडणं थांबत नसेल तर औषध वाढवण्याआधी क्रमाने बघा. एपिड्युरलचा पंप चालू आहे का, कॅथेटर सुटला का, बर्फाचा तुकडा लावल्यावर दोन्ही मांड्यांवर सारखं कळतं का? मूत्राशय भरलंय का? चार दिवस शौच झालेलं नाही का? प्लॅस्टरची कड टाचेला किंवा पाठीला रुतते का? भूक लागली आहे का? सकाळची बॅक्लोफेन कुणी दिली?

आणि सर्वांत आधी पाय. बोटं गार किंवा निळसर, सुजलेली, अस्वस्थता वाढती, आणि दर तासाला जास्त औषध लागतंय, ही कंपार्टमेंट सिंड्रोमची (पायाच्या स्नायूंत दाब वाढून त्यांचा रक्तपुरवठा तुटण्याची) चाहूल असते. एपिड्युरल ती वेदना पूर्ण झाकत नाही, पण डॉक्टर ‘एपिड्युरल कमी पडतंय’ म्हणून डोस वाढवत राहिला तर तास निघून जातात. अशा वेळी प्लॅस्टर उभं चिरून उघडा. बधिर पायाला टाचेची जखम कळत नाही, म्हणून दर २ तासांनी कूस बदला. पाठीवर, पोटावर, दोन्ही बाजूंवर.

डोकं ३० अंश वर, छातीचे व्यायाम दिवसातून तीनदा, दुखणं कमी असताना. कफ ओढताना ऑक्सिजन नेहमीच्या आकड्याशी ताडा. दुसऱ्या दिवशी ताप आला तर छाती, मूत्रमार्ग, कॅथेटरची जागा पाहा, आणि बॅक्लोफेनचा तक्ता उघडून बघा.

४८ ते ७२ तासांनी, तोंडी औषधं पोटात टिकू लागली की पंप आधी ४ तास बंद ठेवून बघा. गुण चढले नाहीत तर कॅथेटर काढा. तो काढताना पुढचा पॅरासिटामॉल आणि डायझेपॅमचा डोस आधीच पोटात गेलेला असावा, नाहीतर तिसरी रात्र पहिलीहून वाईट जाते. त्यानंतर स्पायकातलं मूल वारंवार हिरवी उलटी करू लागलं, पोट फुगलं, तर आतडं दाबलं गेलं असू शकतं: पोटात नळी टाका, कुशीवर किंवा पोटावर वळवा, प्लॅस्टरला पोटावर खिडकी कापा आणि सर्जनला त्याच तासात बोलवा. घरी जाताना आईच्या कागदावर ही उलटी, बोटांचा रंग आणि बॅक्लोफेनच्या वेळा एवढं तरी मराठीत, मोठ्या अक्षरात लिहून द्या.